भागीरथाबाईंची ओली फरशी

आर्वीत माझ्या शेजारी गजेंद्रनं घर बांधलं, तेव्हा फरशी अशी चकचकीत निवडली की खाली वाकून भांग पाडावा. मी म्हटलं, "आरसा घ्यायचं काम नाई राह्यलं, बाबू." बिचाऱ्याला ते कौतुकच वाटलं.

मग त्याची आई, भागीरथाबाई, समुद्रपूरकडचं गाव सोडून कायमची राहायला आली आणि दारातच थांबली. आत नुसतं पाहिलं, लुगडं सावरलं आणि ओट्यावर बसली. ऊन सरकत गेलं तशी तीही ओट्यावरच सरकत राहिली. हात धरून आत न्यावं तर पाय आखडून घ्यायची, रडवेली व्हायची. रात्री तिला उचलूनच न्यावं लागे.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला होता. पण गल्लीला एवढ्या साध्या कारणानं थोडंच भागतं? "लीना सासूले घरात घेत नाई जी," समोरच्या सरितानं माझ्या कानात सांगितलं. माझ्या कानात पडलेलं चौकापर्यंत जायला कितीसा वेळ.

"नागपूरले एक आश्रम पाह्यला मी," गजेंद्र एकदा बायकोला म्हणाला. "थे घरात पायच नाई ठेवत. उचलून किती दिवस नेणार?"

"थोडं थांबा," लीना म्हणाली. ती तहसिलीत कारकून. थांबा म्हणायची सवयच.

रविवारी दुपारी ती सासूशेजारी ओट्यावर येऊन बसली. गल्ली पेंगत होती. कुठून तरी सरकीचा वास येत होता. मी माझ्या खाटेवर डोळे मिटून, म्हणजे कान उघडे ठेवून, पडलो होतो.

"आई, आत काऊन नाई येत?"

"ओलं हाय ना माय. आत्ताच सारवलं कोण्या बाईनं. पाय उमटतीन."

"कोण बाई?"

"मले काय मालूम. पण सारवता सारवता कंबर मोडते व. वाळू दे, मंग जाईन."

लीनानं आत पाहिलं. फरशीवर खिडकी तरंगत होती. खिडकीतला ढग पलंगाखालून हळूहळू चालला होता. उंबरठ्यावर ठेवलेला स्वतःचा पाय तिनं नकळत मागे घेतला. मी एक डोळा उघडून पाहिलं. खोटं नाही सांगत, मलाही ते घर घटकाभर ओलंच दिसलं.

म्हातारी इतके दिवस हटून बसली नव्हती. कोणाचं तरी काम खराब होऊ नये म्हणून ताटकळत होती.

"नव्या फरशीवर फरशी? लोक हसतीन," लीनाचा बेत ऐकून गजेंद्र कुरकुरला.

"हसाले मी हावो ना," मी म्हटलं. "तू काम सुरू कर."

मातीच्या रंगाची, बिनचमकेची फरशी बसली. खिडकीला जाड पडदा लागला. न्हाणीचं दार लीनानं गावच्या घरासारखं निळं रंगवलं, म्हणजे शोधावं लागू नये.

काम झालं त्या दिवशी भागीरथाबाईनं आधी अंगठा टेकवला. मग टाच. मग जुन्या ओळखीच्या बाईसारखी सरळ आत गेली. आम्ही तिघं ओट्यावर कान देऊन बसलो. आतून भांडं सरकल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. गजेंद्र उठायला लागला, तर लीनानं त्याचा सदरा धरला.

बऱ्याच वेळानं म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. आमच्याकडे पाहिलं, पाव्हण्यांकडे पाहावं तसं.

"भाऊजी, बाहेर काऊन बसले? या ना घरात," मला म्हणाली. "पण पाय धुऊन येजा."