वेदीफोड्या

अश्शूरच्या राजधानीच्या, निनवे शहराच्या बाहेर, कालव्याच्या कडेला, यहूदा देशातून धरून आणलेल्या लोकांची वस्ती होती. तिथे मिकन्या गवंड्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. मोठी माणसं त्याच्याशी बोलायचंच टाळत. पोरं मात्र लांबून ओरडत, ‘वेदीफोड्या, ए वेदीफोड्या’. मग त्याची बायको हमूटल दारात येई आणि हाताला लागेल ते ढेकूळ पोरांच्या दिशेने भिरकावी. तिचा नेम चांगला होता.

हे नाव अश्शूरच्या लोकांनी दिलेलं नव्हतं. त्यांना त्याच्या हातातल्या कामाशी मतलब होता. नाव बेथ-एलाहून आलं होतं, पायी हाकलत आणलेल्या तांड्याबरोबर, रस्त्यात इतकं काही टाकून द्यावं लागलं तरी.

बेथ-एला हे यहूदाच्या सखल मुलखातलं तटबंदीचं लहान गाव. वेशीतून आत आलं की चौक, आणि चौकात वेदी. ती मिकन्याच्या बापाने रचलेली. वेदीच्या दगडाला लोखंड लावायचं नाही, छिन्नी लागली की दगड बाटला, हा नियम. पण वेदीला चार कोपऱ्यांवर चार शिंगं तर हवीतच. म्हणून बापाने वर्षानुवर्षं ओढ्याच्या पात्रात हिंडून, शिंगासारखं टोक मुळातच आलेले चार दगड शोधून काढले होते. चौथा दगड सापडला तेव्हा तो त्याने पाठीवर घालून आणला, अंगणात उतरवला आणि त्याच्याशेजारी बसून रडला. मिकन्याने बापाला रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

गावची रीत अशी, की नवस बोलायचा तो एक शिंग धरून, आणि फेडायचा तोही तेच शिंग धरून. देवाने ज्या ठिकाणी ऐकलं त्याच ठिकाणी त्याचं त्याला परत द्यायचं. लग्नानंतर बरीच वर्षं हमूटल वेशीकडचं शिंग धरून मूल मागत होती. शेवटी मुलगा झाला. मत्तान. मूल अंगावरचं सुटलं की वर्षाचं, बिनडागाचं कोकरू द्यायचं, असा तिचा नवस होता. कोकरू तिने हेरूनही ठेवलं होतं.

मत्तान अंगावर पीत होता तेव्हाच यरुशलेमहून राजाचा अंमलदार आला. हुकूम असा, की यापुढे यज्ञ फक्त यरुशलेमला, गावोगावच्या वेद्या पाडायच्या. गावचा याजक, म्हणजे वेदीवरचा पुजारी, अमर्या याला यरुशलेमच्या मंदिरात काम आणि रोजचं धान्य मिळणार होतं. त्याने दोन गाढवांवर सामान लादलं. जाताना म्हणाला, की देव एकच आहे तर त्याचं घरही एकच असायला हवं. काल संध्याकाळपर्यंत हे त्याला कसं सुचलं नव्हतं, असं कोणीतरी विचारलं. त्याने गाढव हाकललं.

वेदी पाडायला अंमलदाराने गावातला एकमेव गवंडी धरला. चौक रिकामा केला, दारं लावून घ्यायला सांगितलं. दगड फोडून त्यांची खडी वेशीलगतच्या कोठाराच्या भिंतीत भरायची होती. अश्शूरशी लढाई होणार हे सगळ्यांनाच दिसत होतं, म्हणून तटाला टेकून ते कोठार बांधणं चाललं होतं. अंमलदार दुपारी सावलीला जाऊन झोपला. मिकन्याने खाणीतले चार भलतेच दगड चौकात आणून घणाने फोडले. बापाचे दगड लाकडी तरफेने, दोराने, लोखंडाचा स्पर्श होऊ न देता काढले आणि कोठाराच्या भिंतीत, तळाच्या थरात, शिंगं आतल्या बाजूला करून अख्खे बसवले. वर भिंत चढवली. राजे बदलतात, हुकूमही बदलतात. तेव्हा काढू, असा त्याचा हिशेब.

अंमलदाराने उठून चौकातली खडी पायाने उडवून पाहिली आणि ठीक आहे म्हणाला. गावाने दारं उघडली तेव्हा गावालाही ती खडीच दिसली.

हमूटलने विचारलं नाही. अंमलदाराच्या हुकमापुढे गवंडी काय करणार, हे तिला कळत होतं. बाया विहिरीवर टोमणे मारू लागल्या, की बापाने रचली नि लेकाने खाल्ली, तेव्हा तिने एकीचा घडा फोडला. कोकरू वाढून मेंढा झालं. मत्तान चालायला लागला.

आणि मग अश्शूरचं सैन्य आलं.

त्यांनी कोठाराच्या बाजूनेच, तट गाठण्यासाठी, मातीचा उतार चढवायला घेतला. त्यांच्यातला एक अधिकारी रोज सकाळी तटाखाली येई आणि यहूदी बोलीत, घरगुती बोलल्यासारखा, वरच्या लोकांशी बोले. एकदा त्याने विचारलं, तुमचा देव कुठे असतो हल्ली?

“त्याचं इथलं घर तुम्हीच पाडलंत म्हणे,” तो म्हणाला. “बिचारा उघड्यावर पडला. आमच्या छावणीत बसलाय, जेवून. त्यानंच वाट दाखवली आम्हाला.”

त्याच्यामागचे शिपाई हसले. तटावरच्या माणसांना ते खोटं वाटलं नाही. हीच भीती प्रत्येकजण मनात घेऊन बसला होता. ती शत्रूच्या तोंडून आपल्याच बोलीत ऐकू आली एवढंच.

लोकांनी चौकात नवे दगड रचून पाहिले. एक बैल कापला. पण त्या दगडांपाशी कोणाचाही नवस बोललेला नव्हता, कोणाचंही काही ऐकलं गेलं नव्हतं. तो दगडांचा ढीगच राहिला. मग गावचा म्हातारा पंच इद्दो, पाठीमागे अर्धं गाव घेऊन, मिकन्याकडे आला. त्याचा सूर भांडणाचा नव्हता.

“मिकन्या, झालं ते झालं. त्यातलं एखादं शिंग राहिलंय का, बाबा? एक असलं तरी पुरे. मधे मांडू, हात लावू. तेवढ्यानं देव परत वळेल.”

मिकन्या इद्दोच्या खांद्यावरून कोठाराकडे पाहत होता. शिंगं तळाच्या थरात होती. ती काढायची म्हणजे वरची भिंत उतरवावी लागणार, आणि त्या भिंतीवर तटाचा भार होता. पलीकडून मातीचा उतार दिवसागणिक वर येत होता. कुठे आहेत एवढं सांगितलं असतं, तर हे लोक नखांनी भिंत खणत बसले असते. त्यांना अडवणं त्याच्याने झालं नसतं.

“नाही,” तो म्हणाला. “सगळी फोडली.”

इद्दो त्याच्या पायाशी थुंकला. नाव पडलं ते त्या दिवशी.

मत्तानला तेव्हा ताप होता. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, पोरं पटापट आजारी पडत होती. मिकन्या घरात आल्यावर हमूटलने त्याला तेच विचारलं. लोकांसाठी नाही, माझ्यासाठी सांगा, म्हणाली. वेशीकडच्या शिंगाचा तुकडा असला तरी चालेल, मूठभर असला तरी. ते हातात धरते, मेंढा देते, पोराचं देणं चुकतं होईल. मिकन्याने तिच्याकडे न बघता मान हलवली. मेंढा दावणीला तसाच राहिला. पोराच्या अंगातला ताप उतरला नाही. त्याला वेशीबाहेर पुरता येणार नव्हतं म्हणून घरातल्या जमिनीतच पुरावं लागलं.

भिंतीला काहीही झालं नाही. उतारावरून चढवलेल्या ओंडक्याच्या धडका तिने खाल्ल्या आणि ती उभीच राहिली. अश्शूरचे लोक मग वेशीकडे वळले, दरवाजाला आग लावली आणि त्या वाटेने आत आले. गवंड्याचं काम चोख होतं, आणि त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही.

निनवेला राजवाड्याचं बांधकाम चालू होतं. हात पाहून मिकन्याला पाथरवटांच्या टोळीत घेतलं. जवाचं धान्य आणि बिअर इतर कैद्यांपेक्षा जास्त मिळे. तिथले कारागीर भिंतीवर लावायच्या दगडांवर राजाच्या लढाया कोरत. एकाने त्याला बोलावून एक दगड दाखवला, तट, बुरूज, वर हात उंचावलेली इवलीशी माणसं, आणि विचारलं, असंच होतं ना तुमच्याकडे? मिकन्या म्हणाला, वेस दुसऱ्या बाजूला होती. कारागीर म्हणाला, तिकडे कोण बघायला जातंय.

वस्तीत शब्बाथच्या, आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी लोक कालव्याकाठी जमत. वेदी नव्हतीच, गाऱ्हाणी होती. एक बाजू म्हणे, वेद्या फोडल्या म्हणून देव रागावला आणि त्याने अश्शूरची काठी उचलली. दुसरी म्हणे, मुळात त्या वेद्या होत्या म्हणूनच रागावला, आपण फार उशिरा फोडल्या. वाद कधी मिटला नाही. मिकन्याला मधे बसू द्यायचं नाही, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. हमूटल त्याच्याबरोबर लांब बसे. ती एकटीच.

बऱ्याच वर्षांनी पश्चिमेकडून तेलाचे बुधले घेऊन आलेला एक गाढववाला वस्तीत थांबला. जळक्या गावांची खबर द्यायची त्याला सवय असावी. बेथ-एला म्हणताच तो म्हणाला, काही उरलं नाही, वेशीजवळच्या एका भिंतीशिवाय. मेंढपाळ दुपारी तिच्या सावलीत शेळ्या बांधतात. भिंत मोठी झकास आहे, कोणी बांधली कोण जाणे.

मिकन्या घरी आला. हमूटल जव दळत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, खाणीतले चार दगड, लाकडी तरफ, तळाचा थर. वेदी फुटलेली नाही, म्हणाला. चारही शिंगं जशीच्या तशी आहेत, छिन्नीसुद्धा लागू दिली नाही. बोलताना त्याचा आवाज वाढत गेला. त्याच्या मनात होतं, की उद्या ती कालव्यावर जाईल, बायकांना सांगेल, आणि संध्याकाळपर्यंत हे नाव गळून पडेल.

जात्याचा आवाज थांबला होता.

“वेशीकडचं पण?” तिने विचारलं.

“ते पण. अगदी कडेला आहे.”

“म्हणजे मी विचारलं तेव्हा ते तिथं होतं.”

मिकन्या भिंतीच्या भाराबद्दल बोलू लागला. उतार कुठवर आला होता ते हाताने दाखवू लागला. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मला वाटत होतं, राजाच्या माणसानं फोडायला लावली,” ती म्हणाली. “फोडलेल्या दगडाबद्दल मी तुम्हाला एका शब्दानं बोलले नाही. पोर गेलं तरी नाही. फोडलीच असती तर बरं झालं असतं हो.”

मग तिने पुन्हा जातं ओढायला सुरुवात केली.

सकाळी ती कालव्यावर गेली, पाणी भरलं, बायकांशी जवाच्या किमतीबद्दल बोलली आणि परत आली. वेदीबद्दल ती कोणाला काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्या सकाळी मिकन्या हत्यारं घेऊन कामाला निघाला तेव्हा कालव्याच्या बांधावरून पोरं ओरडली. हमूटल भरला घडा घेऊन दारातच उभी होती. पायाशी ढेकळं पडलेली होती. तिने घडा डोक्यावरून उतरवला आणि आत गेली.