गादीवाल्याची गल्ली

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे, एका खताच्या दुकानावर, माझा कॉम्प्युटर क्लास होता. हाताहातात मोबाइल आले तशी पोरं कमी झाली आणि एक दिवस मी पाटी उतरवली. मशीन मात्र विकवेनात. चादरी टाकून तशीच ठेवली होती.

ती पुन्हा सुरू झाली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. तो स्वतः मोबाइल दुरुस्त करायचा. एका रविवारी वर आला, एक चादर उचलून पाहिली आणि म्हणाला, "सर, हे सारे एकमेकाले जोडून टाकू. इंटरनेट नाई लागत, नुसती वायर टाकली का झालं. सारे एका खोलीत बसून गेम खेळू."

"मोबाइलवर तर खेळतच असता तुमी."

"खेळतो. पन मारनारा कोन अन् मरनारा कोन, काई समजत नाई. इथं तो समोर बसलेला दिसन."

वायरी त्यानेच कापल्या, टोकांना क्लिपा त्यानेच बसवल्या. स्वतःचा एक कॉम्प्युटर त्याने जुन्या भागांतून जुळवला होता, तोही आणून ठेवला. मग रविवारी दुपारी माणसं जमू लागली. एसटीतला एक कंडक्टर, जऊळक्याहून येणारा एक शाळामास्तर, पिकांची कामं आटोपली की आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. दोन बाजू पाडून बंदुकीची लढाई खेळायची, असा तो गेम. आरडाओरडा इतका व्हायचा की खालचा खतवाला काठीने छत ठोकायचा.

गेममधली गावं परदेशी होती. गादीवाल्याच्या पोराला ते खटकायचं. कित्येक महिने तो दुकान बंद करून माझ्याकडे येऊन काहीतरी करत बसायचा. शेवटी एका रविवारी त्याने आम्हाला ते दाखवलं, आणि आम्ही सगळे उठून उभेच राहिलो. पडद्यावर त्याची गल्ली होती. पाण्याची टाकी, वाकलेला विजेचा खांब, वडिलांचं दुकान, बाहेर रचलेल्या गाद्या. दर्ग्याच्या बाजूला मात्र त्याने आधीच भिंत घालून रस्ता बंद केला होता. "तिकडं बंदूक घेऊन नाई जाचं," एवढंच म्हणाला.

त्याच वर्षी तो तापाने पडला. आधी इथल्या दवाखान्यात, मग अकोल्याला. ताप डोक्यात चढला, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही भेटायला जायचं ठरवत होतो, तोवर शववाहिनी त्याला घेऊन परत आली.

त्यानंतर रविवारी माणसं यायची, पण मशीन कुणी चालू करत नव्हतं. बसायचो, चहा घ्यायचो, निघायचो. अशाच एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. त्याचे वडील होते. बाह्यांना कापसाची तुसं चिकटलेली.

"सर, त्याचा कॉम्प्युटर न्याले आलो," ते म्हणाले. मग दारातच थांबले. "तो इथं काय करे, ते एकडाव दाखवता का मले? घरी सांगे तो. माह्या काई ध्यानात नाई येत जाय."

मी त्यांना त्याच्याच जागेवर बसवलं आणि गल्ली उघडली. खेळणाऱ्याच्या हातातली बंदूक पडद्यावर समोर दिसते. ती पाहून ते मागे सरले.

"ही खाली ठेवता येते का?"

मी एक बटण दाबलं. बंदूक रस्त्यावर पडली. मग मी त्यांना हळूहळू गल्लीतून चालवत नेलं. दुकानापाशी आल्यावर त्यांनी पडद्याला बोट लावलं.

"ही पायरी फुटेल आहे. ते बी केलं त्यानं." आणि मग, "पन गाद्या इतक्या बाहेर नाई ठेवत मी."

"चाचा, त्याच्यामागं लपता आलं पायजे म्हनून," कंडक्टर म्हणाला.

ते किंचित हसले. "अन् मी कुठी आहो याच्यात?"

"यात माणसं नसतात, चाचा," मी म्हणालो. "आम्ही आपापल्या मशीनवर बसलो की मग दिसतात."

"मंग बसा ना."

सगळे बसले. एकेक जण गल्लीत उतरला, चालत दुकानासमोर आला आणि उभा राहिला. कुणी बंदूक चालवली नाही. चाचा खूप वेळ पाहत होते.

"खेळा आता."

"चाचा, आम्ही ठरवलंय, या गल्लीत खेळायचं नाही," मी म्हणालो.

"काहून? त्यानं मंग बनवली कायले? तुमी खेळाव म्हनूनच ना?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "खेळा."

आम्ही खेळलो. पहिल्या गोळीला ते दचकले, खुर्चीचा हात घट्ट धरला, पण उठले नाहीत. सुरुवातीला कुणाचंच मन लागत नव्हतं. मग हळूहळू लागलं, ओरडणंही सुरू झालं. मास्तर गाद्यांच्या आडून कंडक्टरच्या पाठीवर नेम धरत होता, तेव्हा चाचा एकदम ओरडले, "अरे, मागं आहे तो! मागं पाह्य!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

त्यांनी कॉम्प्युटर नेला. मॉनिटर घेऊन कंडक्टर बरोबर गेला, बाकी सगळं छातीशी धरून ते स्वतः जिना उतरले. त्यांची मुलगी आता त्याच्यावर कॉलेजचा अभ्यास करते. गल्ली माझ्या मशीनवरही होती; तिचं काय करायचं, असं मी विचारलं होतं. "राहू द्या तुमच्यापाशी," म्हणाले.

पुढच्या रविवारी सगळे आले. मास्तरने शाळेतल्या एका सहकाऱ्यालाही आणलं होतं. त्याला बसायला आम्ही खुर्ची दिली आणि मशीन चालू केली.