खुंट्यांबाहेरची रोपं

केतामाच्या डोंगरात मिमुन्तला सगळे बियाण्याची बाई म्हणत. गांजा तिथं पिढ्यान् पिढ्यांचं पीक. पुरुषांनी पेरावं, कापावं. पुढच्या सालचं बी मात्र बाईनं राखावं, अशी रीत. पाटाच्या कडेला, ओल टिकते तिथं, बिस्मिल्ला म्हणून मूठभर बी टाकायचं आणि त्या रोपांना कुणी हात लावायचा नाही. आईनं तिला रोटी शिकवायच्या आधी हे शिकवलं.

या पिकापायी तिचा नवरा हद्दू कित्येक वर्षं वॉरंट चुकवत जगला. गाडीचा आवाज आला की रानात. पोटच्या मुलीच्या लग्नात तो शेजाऱ्याच्या गोठ्यात बसून जेवला. मग सरकारची माफी आली आणि तिच्या मागोमाग परवाने. पीक आता औषधांसाठी, सहकारी संस्थेमार्फत. शेत मिमुन्तला बापाकडून आलेलं, म्हणून परवाना तिच्या नावानं निघाला. मोजणीवाल्यांनी चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या, पेरायचं ते त्यांच्या आतच; बी कार्यालयातून शिक्का मारून आलं. हद्दू दारासमोर घोंगडी टाकून चहा प्यायला लागला. नवरा उघड्यावर बसलाय हे बघायला ती उगाच दोनदा बाहेर यायची आणि अल्लाहचे आभार मानायची.

पेरणीच्या दिवशी तिचा हात सवयीनं पाटाकडे गेला. आपण काही वेगळं केलं, हे तिच्या मनातही आलं नाही.

उन्हाळ्यात तपासनीस आला. पोरगेलासा, शहरातला, पण बोलायला गोड. संस्थेचे अध्यक्ष अझ्झूझ घाम पुसत त्याच्यामागे. हातातल्या फोनवरचा नकाशा बघत तो पाटाशी थांबला.

"मावशी, ही रोपं खुंट्यांच्या बाहेर आहेत."

"बियाण्याची आहेत ती."

"बी आम्ही देतो की!"

"तुमच्या बियाला इथली थंडी ठाऊक आहे होय?"

तो हसला. "औषधाला ओळखीपाळखी लागत नाहीत, मावशी. सगळं एकसारखं लागतं." मग आवाज उतरवून म्हणाला, "आपोआप उगवलं असेल तर उपटतो, विषय संपला. कुणी पेरलं असेल, तर परवाना रद्द, आणि कागद पोलिसांकडे. आपोआपच उगवलंय ना?"

"आपोआपच, आपोआपच!" अझ्झूझ घाईनं म्हणाले. "शेळ्या काय कमी फिरतात इथं? सांग ना गं बाई!"

मिमुन्त नुकतीच दुपारच्या नमाजवरून उठली होती. तिनं हद्दूकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा.

"शेळ्यांवर कशाला ढकलू? मी पेरलंय. अल्लाहचं नाव घेऊन पेरलंय."

अझ्झूझनी कपाळावर हात मारला. "झालं! हिच्या जिभेनं घर बुडवलं."

"ती खुळी आहे, तिचं काय ऐकता?" हद्दू पुढे आला. "मी पेरलं. माझं नाव लिहा."

"काका, तुम्ही माफीतले. दुसऱ्यांदा सापडलात तर—"

"ठाऊक आहे. बाईमाणसाला ठाण्यावर नेणार आहात का? लिहा."

मिमुन्त ओरडली, शपथा घेतल्या. तपासनीस दोघांकडे बघत राहिला, शेवटी त्यानं हद्दूचं नाव लिहिलं. पाटाकडची रोपं उपटली, खुंट्यांच्या आतलीही मोहोरबंद झाली. अझ्झूझ तिच्याशी न बोलता गेले.

"खोटं का बोललात?" तिनं विचारलं.

"तू खोटं बोलली असतीस तर मला बोलावं लागलं नसतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसेना. त्यानं जाड झगा अंगावर चढवला, तिनं फडक्यात बांधून दिलेली रोटी आणि ऑलिव्ह घेतली आणि देवदाराच्या रानाकडे चालू लागला.

तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजची बांग झाली. मिमुन्त चटईवर उभी राहिली. तो सुखरूप राहावा असं मागावं, तर तो खोट्याच्या आडोशाला. ते खोटं माफ व्हावं असं मागावं, तर ते तिच्यासाठीच बोललेलं. नमाज पुरी झाली. दुआसाठी उचललेले हात तिनं बराच वेळ तसेच धरले आणि काही न मागता खाली घेतले.