मूर्ती खाली ठेवता आली असती

श्रीनिवास खांबेटे यांनी आयुष्यात वकिली केली, लोकप्रतिनिधित्व केलं आणि न्यायदान केलं. एवढं वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं तैलचित्र उभं राहिलं, तर तो दोष वाक्याचा आहे, खांबेट्यांचा नाही. वकिली कराडला झाली, सव्वातीन वर्षं, आणि त्यातला बराच काळ पक्षकाराची वाट पाहण्यात गेला. लोकप्रतिनिधित्व लंडनमधल्या हॅरोच्या कौन्सिलवर, एकच टर्म. त्याचं स्मारक म्हणून एक झेब्रा क्रॉसिंग अजून शाबूत आहे. आणि न्यायदान उत्तर-पश्चिम लंडनच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात, सतरा वर्षं, पंधरा दिवसांतून एकदा, बिनपगारी. मधली एकोणतीस वर्षं ते लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवरच्या एका स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे बसत होते.

ते या देशात आले ते डॉक्टरीणबाईंचे मिस्टर म्हणून. अलकाताई भूल देणाऱ्या डॉक्टर. अडुसष्ट साली वॉटफर्डच्या इस्पितळाला त्यांची गरज होती, त्यांच्या नवऱ्याची नव्हती. कराडची सनद पाहून एका सभ्य गृहस्थाने सांगितलं, की फार छान, आता पहिल्यापासून सुरुवात करा. तोवर मुलाचा, अंशुमनचा, जन्म झालेला. खांबेट्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली ती तिकिटं फाडण्यापासून.

पुढे एक्क्याण्णव साली ज्या देशाने त्यांची वकिली नाकारली होती त्यानेच त्यांना न्यायासनावर बसवलं. कारण साधं होतं. इथल्या मॅजिस्ट्रेटला कायदा यावा लागत नाही. कायदा सांगायला पुढे एक क्लार्क असतो; वर बसणारे तिघे नागरिक फक्त शहाणे असले की पुरतं. "बाबा, लॉयर नाही, पण जज?" अंशुमन म्हणाला होता. "दॅट्स सो फनी." खांबेट्यांना त्यात विनोद दिसला नाही. त्यांनी दोन सूट शिवून घेतले.

तिथल्या मराठी मंडळात त्यांचं वजन वाढलं. रांगोळी, पाककृती, लहान मुलांचं फॅन्सी ड्रेस, जिथे म्हणून कुणाला तरी पहिलं आणि कुणाला तरी दुसरं ठरवायचं असे तिथे खांबेट्यांना परीक्षक नेमत. ते प्रत्येक रांगोळीपुढे तीन मिनिटं उभे राहत. निकाल सांगताना त्यांचा आवाज कोर्टातलाच लागे.

न्यायासनावरच्या कामाचा एक नियम मात्र इथे सांगायलाच हवा. तिघांचा निकाल बहुमताने होतो. दोन विरुद्ध एक झालं तरी चालतं. पण कोण दोनांत होतं आणि कोण एक, हे मागच्या खोलीबाहेर जात नाही; बायकोला नाही, आरोपीला तर नाहीच. निकाल वाचतो तो मधल्या खुर्चीतला, आणि तो 'आम्ही' असं म्हणून वाचतो. त्याचं स्वतःचं मत उलटं असलं तरीही. शपथ घेताना खांबेट्यांना हा नियम फार भारदस्त वाटला होता. त्यात आपण राहायला जाणार आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत त्यांच्यापुढे प्रमोदिनी बर्गे ही बाई उभी राहिली. वय अडतीस, मूळची इचलकरंजीची, हॅरोतल्या एका वृद्धाश्रमात केअरर. आरोप असा, की आदल्या सप्टेंबरात, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, वेम्बलीला ईलिंग रोडवर तिने पार्किंग अटेंडंटला ढकललं. तो पडला, मनगट मुरगळलं. गाडी लावायला मनाई असलेल्या पिवळ्या रेघेवर तिची गाडी चार मिनिटं उभी होती, हे तिला कबूल होतं. ढकलणं कबूल नव्हतं. तो दंडाचं तिकीट लिहीत मागे सरकत होता, फूटपाथच्या कडेला अडखळला, असं तिचं म्हणणं. अटेंडंटचा जोडीदार वीस पावलांवर होता. त्याने दोन्ही हातांनी ढकलताना पाहिलं, असं तो म्हणाला.

"माझ्या हातात स्टॅच्यू होता," प्रमोदिनी इंग्रजीत म्हणाली.

"तो तुम्ही खाली ठेवू शकला असता?" सरकारी वकिलाने विचारलं.

ती थांबली. "कुड," ती म्हणाली. "बट नो."

"म्हणजे शकला असता. थँक यू."

तिचा वकील तरुण होता आणि त्याच्याकडे त्या दिवशी आणखी चार केसेस होत्या. त्याला या उत्तरात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

मागच्या खोलीत चहा आला. खांबेट्यांच्या डावीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका, उजवीकडे एक सर्व्हेअर. दोघंही सज्जन. सज्जन माणसांशी वाद घालणं फार अवघड असतं.

"घरी आणायची मूर्ती आहे ती," खांबेटे म्हणाले. "चेहरा रुमालाने झाकलेला असतो. दोन्ही हातांनी धरतात. वाटेत खाली टेकवत नाहीत, रस्त्यावर तर नाहीच. तिने दोन हातांनी ढकललं असेल तर त्या वेळी मूर्ती कुठे होती? हे कुणी विचारलंच नाही."

"कारच्या बॉनेटवर ठेवली असेल," सर्व्हेअर म्हणाला.

"ठेवणार नाही."

"श्रीनिवास, तुम्ही नसती ठेवली," मुख्याध्यापिका मायेने म्हणाल्या. "पण रागाच्या भरात माणसं काय वाटेल ते करतात. मी तीस वर्षं शाळा चालवली आहे. आणि खरं सांगू का, हे तुम्ही साक्षीदारासारखं बोलताय. तो पुरावा कोर्टापुढे आलेला नाही."

यातलं शेवटचं वाक्य बरोबर होतं, हीच पंचाईत. खांबेट्यांनी कराडचा सगळा कायदा आठवून पाहिला. त्यात मूर्ती नव्हती. शंका आहे आणि ती रास्त आहे, एवढं त्यांनी तीनदा सांगितलं. चाळीस मिनिटांनी दोन विरुद्ध एक झालं.

मग ते मधल्या खुर्चीत जाऊन बसले आणि आपल्या त्या रांगोळीच्या आवाजात वाचू लागले. "आम्ही दोन्ही बाजूंचा पुरावा काळजीपूर्वक ऐकला आहे. आम्हाला अटेंडंटची साक्ष विश्वसनीय वाटली. आम्ही तुम्हाला दोषी ठरवत आहोत." शिक्षा नावालाच होती: बारा महिन्यांचा कंडिशनल डिस्चार्ज, म्हणजे पुन्हा करू नका आणि घरी जा. प्रमोदिनी त्यांच्याकडे एकटक बघत होती. बाजूच्या दोघांकडे तिने पाहिलंही नाही.

सतराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती त्यांच्या दारात उभी राहिली.

"काका, ओळखलंत का?"

"तुम्हाला इथे येता येणार नाही," खांबेटे म्हणाले. दार त्यांनी अर्धंच उघडलं होतं.

"कोण आहे हो?" आतून अलकाताई. "अहो, दारात काय उभं करताय? ये गं, आत ये. बाहेर किती गारठलंय."

मराठी घरातून माणसाला चहा न देता घालवता येत नाही, आणि याबाबत इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेने अलकाताईंना कसलीही शपथ दिली नव्हती. दोन मिनिटांत प्रमोदिनी सोफ्यावर होती आणि खांबेटे स्वतःच्याच घरात, दाराजवळ, आरोपीसारखे उभे.

"तुम्ही माझ्या रांगोळीला उत्तेजनार्थ दिलं होतं काका, तीन वर्षांमागं. मोराची. तुम्हाला नसंल आठवत."

त्यांना आठवत नव्हतं. आठवलं असतं तर ओळखीची बाई म्हणून त्यांना त्या दिवशी उठून जावं लागलं असतं. मग दोघांनी मिळून तिला दोषी ठरवलं असतं, एवढाच फरक. याचा त्यांना थोडा दिलासा वाटला आणि मग त्या दिलाशाची लाज.

"मी भांडायला नाही आले," प्रमोदिनी म्हणाली. "आश्रमात रेकॉर्ड तपासतात. मॅनेजर म्हणली, हा डाग राहिला तर मी ठेवू शकत नाही तुला. अपील करून सुटलीस तर बघू. अपिलाला चार दिवस राहिलेत. वकील म्हणतो तुमची मर्जी. पण तिघं शिकलेली माणसं एक झाली, त्यातले एक आपले. मग वर कोण ऐकणार माझं? काका, मला फक्त एवढंच सांगा. अपील करण्यात काही अर्थ आहे का?"

खांबेटे दाराजवळचे बूट सरळ करू लागले.

"काय झालं होतं मुळात?" अलकाताईंनी विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. रुमाल, मूर्ती, दोन हात, फूटपाथची कड.

"अगं, पण मूर्ती खाली कोण ठेवील?" अलकाताई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं लोकांना भूल देऊन ती उतरेपर्यंत ज्या नजरेने बघत बसल्या, त्या नजरेने. "अहो, तुम्ही तरी सांगायचं ना त्यांना."

"तेच म्हणते मी," प्रमोदिनी म्हणाली. "साहेबलोकांना नाही कळत. तुम्हाला तर कळतं."

सांगितलं, तीनदा सांगितलं, हे शब्द खांबेट्यांच्या जिभेवर अगदी तयार होते. एवढं म्हटलं असतं तर ती तशीच उठून अपिलाचा फॉर्म भरायला गेली असती. आणि त्यांनी शपथ मोडली असती, एका आरोपीपुढे, स्वतःच्याच घरात. चौदा वर्षांत त्यांनी कोर्टातलं एक अक्षर घरी आणलं नव्हतं. आणि तेवढी एकच गोष्ट त्यांनी या देशात पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट केली होती.

कायद्याच्या चौकटीत राहून काय सांगता येईल, याचा त्यांनी वकिलासारखा विचार केला. बऱ्याच वर्षांनी. आणि त्यांना एक वाक्य सापडलं, जे कुठल्याही सरकारी पत्रकात छापलेलं असतं, म्हणून सांगायला हरकत नव्हती.

"अपिलात," ते म्हणाले, "सगळी सुनावणी नव्याने होते. पहिल्यापासून. नवीन माणसांपुढे."

त्यांना वाटलं, आपण दार उघडून दिलं. मूर्तीचं पुन्हा सांग, या वेळी नीट सांग, दुसरे लोक ऐकतील.

प्रमोदिनीने कप खाली ठेवला. "म्हणजे पुन्हा सगळं? तो माणूस पुन्हा तेच बोलणार, मी पुन्हा त्या पिंजऱ्यात?" तिचे डोळे भरले. "नको बाई. कळलं मला काका. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

खांबेटे म्हणाले, "तसं नव्हे." पुढे काय नव्हे ते सांगता येईना, म्हणून तेवढ्यावरच थांबले.

तिने अपील केलं नाही. नोकरी गेली. सोमवारी खांबेट्यांनी, नियमाप्रमाणे, आरोपी घरी येऊन गेल्याचं क्लार्कला लेखी कळवलं, आपण प्रकरणावर चर्चा केली नाही असंही लिहिलं. अलकाताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त त्या वर्षापासून मूर्ती आणायला त्या एकट्या गाडी घेऊन जाऊ लागल्या. "तुम्ही राहू द्या," म्हणायच्या. मंडळात कुणी काही बोललं नाही, पण रांगोळीला दुसरे परीक्षक नेमले.

सत्तरी आली की मॅजिस्ट्रेटला निवृत्त व्हावं लागतं. दोन हजार आठच्या जूनमध्ये खांबेटे सत्तर झाले. त्या तारखेकडे ते तीन वर्षं डोळे लावून होते. एकदा खुर्ची सुटली की आपण एक साधा म्हातारा. मग तिला गाठायचं आणि सांगायचं, मी तीनदा सांगितलं होतं, एवढं एक वाक्य. नोकरी परत येणार नाही, पण तिला ते ठाऊक तर होईल. निरोपाचं पत्र जाड कागदावर आलं. पहिल्या परिच्छेदात सतरा वर्षांच्या सेवेबद्दल आभार होते. दुसऱ्यात, मागच्या खोलीतल्या चर्चेची गुप्तता निवृत्तीनंतरही कायम राहते, याची नम्र आठवण होती. खांबेट्यांनी ते फ्रेम करून घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये अलकाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खांबेट्यांना गाडी येत नव्हती. ज्याला नोकरीभर फुकट पास मिळतो तो गाडी कशाला शिकेल? सप्टेंबरात मूर्ती आणायला तेच ट्रेनने ईलिंग रोडला गेले. पूजेच्या सामानाच्या दुकानात, कापूर आणि जानव्यांच्या पलीकडे, प्रमोदिनी उभी होती.

"या सर," ती म्हणाली. 'काका' हे संबोधन गेलं होतं. "अलकाताई नाही आल्या?"

"ऑपरेशन झालं. गुडघ्याचं."

"मला म्हणल्या होत्या मागच्या वर्षी, करायचंय म्हणून."

म्हणजे तीन वर्षं मूर्ती इथूनच येत होती. खांबेट्यांनी एक नऊ इंची पसंत केली. प्रमोदिनीने तिच्या चेहऱ्यावर लाल रुमाल टाकला, कडा नीट केल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एवढं एक वाक्य.

"प्रमोदिनी," ते म्हणाले.

"बोला."

तिने मूर्ती त्यांच्या हातांत दिली. त्यांचे दोन्ही हात अडकले.

"काही नाही," खांबेटे म्हणाले.

"नीट धरा सर. आणि वाटेत कुठं खाली ठेवू नका," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

स्टेशनावर गेटपाशी येईपर्यंत त्यांना आठवलं नाही, की फ्रीडम पास, म्हाताऱ्यांचा फुकट प्रवासाचा, कोटाच्या आतल्या खिशात आहे. एकोणतीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, पास हातात तयार ठेवा. मागे रांग लागली. एक माणूस घड्याळ बघू लागला, दुसरा उसासा टाकून शेजारच्या गेटला गेला. खांबेट्यांनी मूर्ती छातीशी धरून एक कोपर खिशाकडे नेऊन पाहिलं. रुमाल सरकायला लागला, तसं ते थांबले.

गेटवरची युनिफॉर्ममधली बाई जवळ आली. पन्नाशीची, दमलेली, चांगल्या स्वभावाची.

"सर, यू कुड जस्ट पुट इट डाउन," ती म्हणाली. "फॉर अ सेकंड."

तिने बोटाने फरशी दाखवली. फरशी स्वच्छ होती. ते खांबेट्यांनाही मान्य होतं.

"कुड," ते म्हणाले. "बट नो."

बाई थांबून उत्तराच्या उरलेल्या भागाची वाट पाहू लागली.