वज्रकेतूचा वकील

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात प्रेमाबद्दल आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं माझे मोठेबाबा सांगतात; आणि त्यांच्याइतकं कमी कोणाला कळत नाही, असं मोठी आई सांगते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई त्यांची बायको. आंजीला आमची कापूस-सोयाबीनची शेती आहे आणि तिचा सगळा कारभार त्यांच्या हातात. दाराच्या चौकटीत उभे राहिले की घरात अंधार पडतो असं शरीर, पाहुण्यांची लेकरं पाहून रडतील अशा मिशा, आणि आवाज असा की शेतात बैलाला दम दिला तर गावात भांडणारे दोन भाऊ गप्प बसतात. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचा वाद माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. तहसीलदार बदलले, शेजाऱ्याचा मुलगा आजोबा झाला, पण मोठेबाबांनी हातभर धुरा सोडला नाही. "चूक असन तर मानीन," असं ते नेहमी म्हणतात. ती वेळ त्यांच्या मते अजून आलेली नव्हती. तर असा हा माणूस दुपारी ओसरीवर खाटेवर पडून, छातीवर पुस्तक पालथं घालून, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणतो, "हे पोरगी समजून काऊन नाई घेऊन राह्यली त्याले?"

ही पोरगी म्हणजे मेघवती. ती राहते ढगांच्या पलीकडच्या राज्यात. तिचं प्रेम वज्रकेतू नावाच्या यक्षावर आहे आणि त्या यक्षाला शाप आहे, की दर अमावस्येला तो तिला साफ विसरतो. मग मेघवती पुन्हा ओळख देते, तो पुन्हा पहिल्यापासून तिच्या प्रेमात पडतो, मध्ये एखादी लढाई, एखादी चेटकीण, एखादं जळतं अरण्य येतं, आणि नेमकी अमावस्या तोंडावर आली की पुस्तक संपतं. पुढचा भाग दिवाळीला. अशी ही मालिका वर्षानुवर्षं चालू आहे आणि अमावस्या काही संपत नाहीत.

मोठेबाबांना हा नाद बैलानं लावला. बैलाचा पाय त्यांच्या पायावर पडला, प्लास्टर चढलं आणि ज्या माणसाला बसणं माहीत नव्हतं तो दीड महिना खाटेला खिळला. माशा मारायला काहीतरी हाताशी हवं म्हणून त्यांनी सुनेनं माहेरी जाताना ठेवलेलं एक जाडजूड पुस्तक उचललं. तो मालिकेचा चौथा भाग होता. पाच-सहा माशा मारून झाल्यावर त्यांनी एक पान वाचलं. त्या दिवसापासून आमच्या घरात माशांना कोणी हात लावला नाही. चौथ्यापासून सुरुवात केल्यामुळे ते मग तिसरा, दुसरा, पहिला असे उलटे गेले, म्हणजे त्यांच्या हिशोबी मेघवती आणि वज्रकेतूचं आधी लग्न झालं, मग भांडण, मग प्रेम आणि सगळ्यात शेवटी ओळख. "आपल्याकडं असंच होते," ते म्हणाले. "मले काई जड नाई गेलं."

पुस्तक मळू नये म्हणून ते त्याला बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरचं कव्हर घालतात. त्यामुळे आमच्या कपाटात सोयाबीनच्या शेंगांची एक लांबलचक रांग आहे आणि प्रत्येक शेंगेच्या आत एक चुंबन आहे. पांढऱ्या गाईचं नाव मेघवती. शेळी चोरून खाते म्हणून तिचं नाव चेटकिणीवरून धूम्रा. एकदा गाय सुटली तेव्हा मोठेबाबा "मेघवती, ये माय, मी काई नाई म्हणत तुले," असं ओरडत अख्खं गाव फिरले, आणि पलीकडच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या मोठ्या आईजवळ येऊन बसल्या, सून निघून गेली का म्हणून विचारायला.

पण वाचतात ते शेतकऱ्याच्याच डोळ्यानं. वज्रकेतूच्या घोड्याचं त्यांना फार वाईट वाटतं. "इतके भाग झाले, थ्या घोड्याले कोनी पाणी पाजलं नाई. प्रेम करा, पण जनावराकडं पाहा ना बावा." अमावस्येला लढाईवर जाणंही त्यांना पटत नाही. त्या दिवशी आपण नांगर धरत नाही, आणि हा तलवार घेऊन निघतो. असल्या तक्रारी ते लेखकाच्या नावानं मोठ्या आईला ऐकवतात. एकदा वज्रकेतूनं मेघवतीच्या केसात निळं कमळ माळलं, तो भाग वाचून ते संध्याकाळी शेतातून आले ते कपाशीचं पहिलं पिवळं फूल घेऊन, आणि मोठी आई भाकरी थापत असताना तिच्या अंबाड्यात खोचून उभे राहिले. मोठ्या आईनं हात पुसून फूल काढलं, पाहिलं आणि म्हणाली, "एक बोंड गेलं ना हो."

आमच्या घराण्यात बी.ए. होणारी मी पहिली. माझा काळ्या झग्यातला पदवीचा फोटो बैठकीत देवांच्या रांगेत आहे आणि दसऱ्याला त्यालाही हार पडतो. मला त्यात काही लाजण्यासारखं वाटत नाही. मराठी साहित्य शिकले असल्यामुळे मी मोठेबाबांना सांगून पाहिलं, की हे काही खरं साहित्य नव्हे. माझी अभ्यासाची दोन पुस्तकं त्यांना दिली. त्यांनी प्रामाणिकपणे वाचली आणि परत आणून दिली. "चांगले हायेत, पण साऱ्या पुस्तकात सारे रडून राह्यले. रडाले मले पुस्तक कायले पायजे?" मग थोडं थांबून म्हणाले, "हे कसं हाय, वज्रकेतू दर महिन्याले विसरते आन् पुन्हा पहिल्यापासून जीव लावते. आपण नाई का दर साली नव्यानं पेरत? मागल्या साली काय झालं थे धरून बसलं तर तिफन हाती कोन घेईन?" यावर माझ्या प्राध्यापकांनी काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. मी माझी दोन पुस्तकं उचलून आत नेली.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग मला पाहायला मुलगा आला.

मुलगा जामचा. हायवेच्या चौफुलीवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. वडील नाहीत, आई गल्ल्यावर बसते आणि तो दुरुस्तीला गाड्यांखाली झोपतो. चहा घेऊन मी बैठकीत गेले तेव्हा तो माझ्या फोटोकडे पाहत होता. "हा तुमचाच ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "मी बारावीले दोनदा बसलो," तो म्हणाला, "दोन्ही वेळा पेपर चांगले गेले होते." याआधी जे आले होते त्यातल्या एकानं पुढे नोकरी तर करणार नाही ना, असं विचारलं होतं आणि दुसऱ्यानं फोटोकडे पाठ करून चहा घेतला होता. मला हा मुलगा आवडला. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्या आईला तसं स्पष्ट सांगितलंसुद्धा. तिनं लगेच आलूबोंड्यांचा दुसरा घाणा टाकला. बाहेर बाबा आणि मोठेबाबा साक्षगंध कुठल्या महिन्यात करायचं इथपर्यंत आले होते.

तेवढ्यात मुलाची आई लोडाला टेकली, तिच्या पाठीला काहीतरी टोचलं आणि तिनं लोडामागून सोयाबीनची शेंग बाहेर काढली. उघडून पाहिली. "अव माय, पंधरावा? तुमच्या घरी कोन वाचते?"

मोठेबाबांनी मिशीवर हात फिरवला. "मी."

त्यानंतर पाऊण तास त्या दोघांना आम्ही कोणी दिसलो नाही. धूम्रा, जळतं अरण्य, तहानलेला घोडा. घोड्यावर तर दोघांचं इतकं एकमत झालं की बाबांनी मला खुणेनं सांगितलं, जमलं म्हणून समज. आणि मग चौदाव्या भागाचा विषय निघाला. त्या भागात शापाच्या भरात वज्रकेतू मेघवतीला ओळखत नाही आणि भर दरबारातून धक्के मारून बाहेर काढतो. पंधराव्यात ती अरण्यात एकटी आहे. तिनं परत जावं की नाही?

"जाव ना," मोठेबाबा म्हणाले. "त्याचा काय दोष? शाप होता."

"शाप होता," मुलाची आई म्हणाली. "भाऊ, माह्या दुकानासमोर ढाबा हाय. तिथून उठून घरी जाऊन बायकोले मारणारा प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी हेच म्हणते. मी नाई, शापानं केलं."

"वज्रकेतू दारू पेत नाई."

"पेत नाई तरी धक्के मारते. मेघवतीले जीव नाई का? किती डाव ओळख द्याव तिनं?"

"जीव लावला तर हजार डाव द्याव."

"तुमाले काय जाते सांगाले? धक्के मेघवतीनं खाल्ले."

इथं थांबायला हवं होतं. पण धुरा सोडणं मोठेबाबांच्या अंगात नव्हतं. ते म्हणाले, "तुमच्यासारख्या शिकवणाऱ्या भेटते, म्हणून संसार मोडते."

बाई उठल्या. आवाज चढवला नाही. पदर नीट केला, पुस्तक लोडामागे होतं तसं ठेवलं आणि बाबांना म्हणाल्या, "निरोप कळवतो." आमच्याकडे निरोप कळवतो म्हणजे काय, हे आलूबोंडे तळणाऱ्या मोठ्या आईलाही आत कळलं. मुलगा चपला घालताना एकदा माझ्याकडे आणि एकदा फोटोकडे पाहून गेला.

मी स्पष्ट बोलणारी आहे. त्याच संध्याकाळी मोठेबाबांसमोर उभी राहून म्हटलं, "मोठेबाबा, वज्रकेतू कागदाचा आहे. मी नाही." ते म्हणाले, "मी खोटं काय बोललो?" आणि बैलांकडे निघून गेले. निरोप आला नाही. बाबा थोरल्या भावाला बोलू शकत नव्हते, म्हणून ते येता-जाता शेळीला बोलत. "धूम्रे, तुह्या तोंडानं घर बुडलं," असं. मोठ्या आईनं बोलणं बंद केलं नाही, फक्त मोठेबाबांना गार भाकरी वाढायला सुरुवात केली, आणि गरम भाकरीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही ते मोठेबाबा खाली मान घालून ती खाऊ लागले. दुपारी ते खाटेवर चौदावा भाग घेऊन पडत. पान उलटल्याचा आवाज येत नसे.

एका सकाळी ते कडक इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून निघाले. कुठं म्हटलं तर "बियाणं पाहून येतो." पेरणी कधीच झाली होती. पुढचं मला मुलानं सांगितलं, कारण तो तेव्हा दुकानासमोर एका ट्रकखाली होता आणि त्याला तिथून फक्त धोतराचा काठ आणि करकरणारे जोडे दिसत होते. जोडे गल्ल्यासमोर बराच वेळ उभे राहिले. गल्ल्यावर त्याची आई वाचत बसली होती. तिनं हातातलं घाईनं वर्तमानपत्राखाली सरकवलं, ती सळसळ त्याला ट्रकखालीही ऐकू आली.

"बाई," मोठेबाबा म्हणाले, "मी चौदावा पुन्हा वाचला. तुमचं बराबर हाय. मेघवतीनं परत जाऊ नाई."

"मनातून म्हणता का पोरीसाठी म्हणता?"

"आंजीले कोनालेही विचारा, मी धुरा सोडत नाई," ते म्हणाले. "हा सोडला."

त्या बाईंनी ट्रककडे पाहून हाक मारली, "निघ रे बाहेर, पाय पड. तुहे मोठे सासरे आले."

दोन दिवसांनी वर्ध्याच्या बसस्थानकावर सोळावा भाग आला. जामला तो आधीच आला होता, कारण नागपूरची गाडी तिथं आधी थांबते. वर्तमानपत्राखाली गेला होता तो हाच. मोठेबाबांनी तो खाटेवर पडून एका बैठकीत वाचला, आणि सोळाव्या भागात मेघवती परत गेली होती. स्वतःहून, ताठ मानेनं, वज्रकेतूच्या दरबारात जाऊन तिनं पुन्हा आपलं नाव सांगितलं होतं. म्हणजे मोठेबाबांचं पहिल्यापासून बरोबर होतं. सगळा जिल्हा गोळा करून सांगावं अशी जिंकलेली केस, आणि ती त्यांनी दोन दिवस आधीच स्वतःहून सोडून दिलेली. पुस्तक मिटून ते उठले, गोठ्यात गेले आणि पांढऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मोठ्या आईनं त्या रोजपासून पुन्हा गरम भाकरी वाढली.

साक्षगंध झालं, लग्न झालं. त्या सगळ्या गर्दीत सासूबाई आणि मोठेबाबा घोड्याबद्दल बोलत, धूम्राबद्दल बोलत. सोळाव्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. आता मी जामला असते. सासूबाईंनी माझा फोटो दुकानात लावला आहे, गल्ल्याच्या वर, ऑइलच्या डब्यांच्या शेजारी. मालिकेचा नवा भाग बरेच दिवस आला नाही; कोणी म्हणतं लेखक थकला. मोठेबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणतात, पुढचा भाग येऊ दे, मग पाहू. तोवर ते मला फोन करून विचारतात, "आला का व?" नागपूरची गाडी अजूनही इथं आधी थांबते. "येऊन राह्यला, मोठेबाबा," असं मी सांगते.

मागच्या खेपेला गेले तेव्हा ओसरीवर आम्ही दोघंच होतो. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस पुटपुटल्यासारखा बोलला, "तू वाचला काय व, सोळावा?"

मी, मराठी साहित्याची पदवीधर, खरं ते सांगितलं. सासूबाईंच्या गल्ल्याखालून काढून वाचला होता, आणि त्या दिवशी माझी भाजी करपली होती.

"परत जाते ना मेघवती?"

"जाते, मोठेबाबा."

ते खाटेवर मागे टेकले. दुधाळ झालेल्या डोळ्यांनी छताकडे पाहत राहिले आणि मिशीखाली थोडं हसले.

"बस," ते म्हणाले. "इहीनबाईले सांगू नको."