बेलापूरचा बस्ता आणि ब्लाऊजची परीक्षा

बेलापूरला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. हे श्रीरामपूरजवळचं बेलापूर, प्रवरेकाठचं. नवी मुंबईतलं समजून कुणी खाडी शोधत बसू नये. माझी धाकटी मावसबहीण वैशाली तिथे दिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी तिने घराच्या पुढच्या गाळ्यात बायकांच्या कपड्यांचं बुटीक काढलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, ताई, रविवारी दुकानात पहिला बस्ता आहे, तू ये.

पुणेकर वाचकांसाठी खुलासा: बस्ता म्हणजे लग्नाची समग्र कापडखरेदी. एका दिवशी, एका दुकानात, दोन्हीकडच्या झाडून सगळ्या माणसांनी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत करायची. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं घेऊन गाठोडं बांधलं की बस्ता झाला. तो नेहमी मोठ्या दुकानात होतो, जिथे तीन मजले असतात आणि गाद्यांवर लोळायची सोय असते. वैशालीचा गाळा आमच्या बाथरूमपेक्षा थोडा मोठा आहे.

तरी हा बस्ता तिला हवाच होता. गाळा सासूबाईंच्या नावावर आहे आणि धाकट्या दिराला तिथे खताचं दुकान टाकायचंय. सासूबाईंनी निवाडा दिला होता: एक तरी बस्ता ओढून दाखव, नाहीतर नव्या वर्षापासून खत.

मी गेले ती आधाराला, आणि खरं सांगायचं तर दुकानाचा दर्जा वाढवायला. पुण्यात माझी पेहरावासाठी थोडी ख्याती आहे. वीस वर्षं मी काळा, राखाडी आणि सणासुदीला गडद राखाडी एवढेच रंग वापरते. हातात चांदीचं एक कडं, ज्याने प्रसंगी माणूस मारता येईल. याला मी व्यक्तिमत्त्व म्हणते.

शनिवार

वाकडेवाडीहून सकाळची एसटी धरावी. बायकांना अर्धं तिकीट असल्याने बेलापूरपर्यंतचा सगळा प्रवास पुण्यातल्या दोन कॉफ्यांत होतो. वाघोली ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पूर्वी लोक काशीला जाऊन येत असतील. सुप्याला गाडी थांबते, तिथला वडा गरम असेल तरच खावा. नगरला गाडी बदलून मनमाड रस्त्याला लागलं की खरी यात्रा सुरू होते. मणक्यांची तपासणी करायची असेल तर या रस्त्यावर फुकट होते. हंगाम असल्याने पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, आणि प्रत्येकाच्या मागे उसाची कांडी उपसायला सरसावलेली एखादी मोटारसायकल. कोल्हारला उतरून कागदावरची ओली भेळ खाल्ली. ती मात्र खा, माझ्या नावावर खा.

कोल्हारहून बेलापूरला काळी-पिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय ती हलत नाही आणि ती कधी भरली हे फक्त ड्रायव्हरला कळतं. मी काळा लांब कुर्ता, काळी सलवार, काळी शाल अशी खिडकीशी बसले होते. शेजारच्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “संक्रांतीला आजून आवकाश हाय, ताई.”

जीपमधले सगळे हसले. पुण्यात हाच कुर्ता बघून एका चित्रकाराने मला संयत म्हटलं होतं.

दुकान बघून दुसरा धक्का बसला. मला वाटलं होतं चार गाऊन, दोन पंजाबी ड्रेस. तिथे भिंतभर परकर टांगलेले, आणि प्रत्येक परकराला उजवीकडे खिसा. मोबाईलसाठी. वैशाली म्हणाली, सगळ्यात जास्त हेच खपतं. शेतात, लग्नात, दवाखान्यात बाईचा मोबाईल कुठे ठेवायचा याचा विचार आजवर कुणी केलाच नव्हता. ती स्वतः हळदी रंगाच्या साडीवर पुरुषांच्या शर्टाच्या चौकडीचा ब्लाऊज घालून उभी होती. कॉलरसकट. गळ्यात मंगळसूत्र आणि टेप. विचित्र दिसायला हवं होतं. दिसत नव्हतं, हेच जास्त विचित्र.

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. सासूबाईंनी मला आग्रहाने वाढलं आणि उद्या काय घालणार असं सहज विचारलं. मी म्हटलं, हेच, असंच. त्यांनी फक्त वैशालीकडे पाहिलं, आणि वैशालीने ताटाकडे.

रविवार

सकाळी दोन क्रूझर आणि एक पिकअप दुकानासमोर थांबल्या आणि माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. एका क्रूझरमध्ये किती माणूस मावतो यावर शास्त्रज्ञांनी काम करायला हवं. नवरी इकडचीच, शेजारच्या गावची, नवरदेवाकडचे कोपरगावचे. पुरुष मंडळी लिंबाखाली खुर्च्यांवर गेली आणि तिथे ऊस या विषयात बुडाली. बायका आत. जेवढ्या मावल्या तेवढ्या आत, उरलेल्या पायरीवर.

सगळ्यांत शेवटी नवरदेवाच्या आत्या उतरल्या. बस्त्याचा शेवटचा शब्द त्यांचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. गर्दी आपोआप दुभंगली. त्या आत आल्या, गादीवर बसल्या आणि गल्ल्याशेजारी मला बघितलं.

“ही कोन बाई?”

वैशालीने ओळख करून दिली. बहीण, पुण्याची, लेखिका.

“लेखिका आसंल. पर बस्त्याला काळं?”

दारात वैशालीचा दीर हाताची घडी घालून उभा होता. त्याचा चेहरा नुकताच मान्सून आल्यासारखा प्रसन्न झाला. आत्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायची तयारी केली. म्हणाल्या, येवल्याला जाऊ, गाड्या हायेतच. माझ्या व्यक्तिमत्त्वाने माझ्या बहिणीचं दुकान बुडत होतं.

वैशाली त्यांच्यासमोर खाली बसली. तिने रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. ती म्हणाली, येवल्याला साड्या मिळतील आत्या, पण ब्लाऊज कोण शिवणार? लग्नाच्या आदल्या रात्री टेलर फोन उचलत नाही. माझ्याकडे साडी घ्याल ती फॉल-पिको होऊन, ब्लाऊज शिवून, अंगावर बसवून मिळेल. प्रत्येकीची. हळदीच्या आधी.

आत्या परत टेकल्या. म्हणाल्या, असं समदेच म्हणतात. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नात ब्लाऊज शिवून आले, झकास आले, आणि वरातीत एकीलाही हात वर करता येईना. हात वर गेला की अख्खा ब्लाऊज वर. चांगल्या नाचणाऱ्या बायका कोपरापासून खालीच नाचल्या. बँडवाला हसला. ते हसू आत्यांच्या जिव्हारी लागलेलं होतं, हे दिसत होतं.

“शिवून दाव,” त्या म्हणाल्या. “आत्ता. आमच्यासमोर.”

कुणाचा शिवू, वैशालीने विचारलं.

आत्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिचाच. काळं बी उतरंल.”

पुढचं सगळं माझ्या संमतीशिवाय झालं. साडी आत्यांनीच निवडली: पोपटी, राणी रंगाचा काठ, पोपटाच्याही मनात आलं नसतं अशी. वैशाली माप घेताना मला हात वर करायला लावत होती, परत खाली, परत वर. मी कुजबुजले, मी राखाडी घातलं तर चालणार नाही का? ती टाचण्या ओठांत धरून म्हणाली, “ताई, गप.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

ती मशीनवर बसली. चहा झाला, पोहे झाले. बायकांनी साड्या उघडायला सुरुवात केली, “घ्यायच्या न्हाईत, नुस्त्या बघतोय,” असं एकमेकींना बजावत. नवरी कोपऱ्यात मोबाईलवर. तिला कुणी काही विचारत नव्हतं आणि तिला त्याचं फारसं दुःख दिसत नव्हतं. मला एकीने विचारलं, पुस्तकं लिहून घरचं भागतं का? दुसरी म्हणाली, मालक नोकरीला आसतील.

पडद्यामागून मी पोपटी होऊन बाहेर आले. खूप वर्षांत माझ्याकडे एवढ्या बायकांनी एकदम बघितलं नव्हतं. मी निमूट हात वर केले. ब्लाऊज जागचा हलला नाही. मी सुटले असं वाटलं.

“वरातीत कवायत करत्यात व्हय?” आत्या म्हणाल्या. “नाचून दाव.”

इथे थोडं थांबून माझी परिस्थिती समजून घ्या. वरातीतल्या नाचावर मी आजवर निदान तीन खोचक लेख लिहिले आहेत. एकात मी त्याला सामूहिक अपस्मार म्हटलंय. तो लेख गाजला होता. मी नाही म्हणणारच होते. वैशालीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. कात्री मांडीवर घेऊन नुसती बसली होती, आणि तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, काखेतल्या शिवणीवर होती.

नवरीने मोबाईलवर वरातीचं गाणं लावलं.

मी नाचले. कशी, ते सांगत नाही. सुरुवातीला मान आणि एक बोट, मग आत्या “हात, हात” असं ओरडल्यावर हात. पायरीवरच्या बायकांनी टाळ्या धरल्या. लिंबाखालचा ऊस थांबला. आत्या उठल्या, नाचणाऱ्या माझ्या कमरेला बोटं लावून ब्लाऊज किती वर सरकतो ते बघितलं. सरकत नव्हता. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी कुणाच्या तरी मांडीवरचं गुबगुबीत पोर उचललं आणि माझ्या कडेवर दिलं. म्हणाल्या, आमच्यात बायका मोकळ्या हातानं कवा नाचतात? मग पोर डाव्या कडेवर, उजवा हात आकाशात, पोराच्या मुठीत माझे केस, अशी मी आणखी एक कडवं नाचले. शिवण टिकली. केस थोडे गेले.

आत्यांनी हात केला. गाणं बंद झालं.

“मुंढा बराबर बसलाय,” त्या म्हणाल्या. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोल. सगळं नाचणं त्याच्यावर असतं, हे मला तेव्हा कळलं. मग त्या परत गादीवर बसल्या, चष्मा पुसला, आणि वैशालीला म्हणाल्या, “काढ गं साड्या. नवरीपासनं.”

बस्ता उन्हं कलेपर्यंत चालला. कोणते रंग घेतले गेले ते मी लिहू शकते, पण लहान मुलंही हा ब्लॉग वाचतात. गाठोडं बांधून वर हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला. परकर सगळ्यांनी खिशाचेच घेतले, आत्यांनी दोन.

गाड्या गेल्यावर दीर पायरीवर येऊन म्हणाला, एका बस्त्यानं काय होतंय. सासूबाई सांडलेले पोहे झाडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “खताला वेशीपाशी गाळा बघ. हितं वास यील, बायका नाक मुरडतील.” वैशाली आत गेली आणि बराच वेळ मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. मी डोकावले तर सुईखाली कापड नव्हतं.

सोमवार आणि नंतर

परतीला श्रीरामपूरहून थेट पुण्याची गाडी मिळते. ती धरा, मणके वाचत नाहीत पण गाडी बदलावी लागत नाही. बेलापुरात राहायला लॉज शोधू नका, श्रीरामपूरला राहा. थंडीत जा, शाल न्या, कोणत्या रंगाची ते तुम्ही ठरवा. स्टँडवर एक मुलगी माझ्याकडे बघून मैत्रिणीच्या कानात काहीतरी म्हणाली. दोघींनी हात वर करून दाखवले आणि पळाल्या. नवरीने गाणं लावलं होतं एवढंच मला माहीत होतं. तिने शूटिंगही केलं होतं.

घरी पोचेपर्यंत तो व्हिडिओ वैशालीच्या स्टेटसवर, तिथून नातलगांच्या ग्रुपवर आणि तिथून माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात गेला होता. त्याने दार उघडलं आणि अत्यंत संयमाने विचारलं, पोर कुणाचं?

माझ्यात काही क्रांती झालेली नाही. मी आजही राखाडीच घातलंय. पण परवा कपाट उघडून एकेक कपडा घातला आणि आरशासमोर हात वर करून बघितला. एकात हात वरच गेला नाही, एक पोट दाखवत वर आला, एकाने काखेत स्पष्ट निषेध नोंदवला. वीस वर्षं मी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला भिंतीशी उभं राहायचे कपडे घेत होते. मला ते छान जमतं. दुसरं काही जमतं का हे कुणी विचारलं नव्हतं.

काल वैशालीचा फोन आला. कोल्हारच्या एका घरचा बस्ता जवळजवळ ठरलाय, पण तिथल्या थोरल्या जाऊबाईंनी अट घातली आहे: ती नाचून दाखवणारी बाई दुकानात असेल तर येतो. वैशालीने माझी बाजू घेतली म्हणे. सांगितलं की ताई पुण्याला असतात, मोठ्या लेखिका आहेत, सारखं लिहीत असतात.

जाऊबाई म्हणाल्या, “लिवू दे की. लिवायला काय हात वर करावा लागतो व्हय?”

याला चांगलं उत्तर असणार. मी कालपासून शोधतेय. तोवर शनिवारची सकाळची एसटी बघून ठेवली आहे.