सहा नंबरमधली पाल आणि निमसेतात्यांचा अर्ज

विषय: सदनिका क्रमांक सहामध्ये पाळलेली पाल सोसायटीबाहेर काढणेबाबत.
संदर्भ: श्री. निमसे, सदनिका क्रमांक पाच, यांचा तक्रार अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्ज अजून माझ्याकडेच आहे. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केल्यावर एक गोष्ट कळली. निकाली निघालेल्या प्रकरणाची पुन्हा कुणी आठवण काढत नाही. किस्से जमतात ते लोंबकळणाऱ्या प्रकरणांभोवती. आणि ते कुठे नोंदवायचे याचा नियम नसल्यामुळे शेवटी तोंडी सांगावे लागतात!

राहुरीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. निवृत्त कारकून दिसला की लोक त्याला सेक्रेटरी करतात, विचारत नाहीत. सहा नंबरमध्ये गायकवाड सिस्टर एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मुलगा सुमेध परदेशी नोकरीला गेला आणि जाताना काचेची पेटी आईच्या हवाली करून गेला. पेटीत वीतभर लांबीची, पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल. नाव ठमी. जातीचं नाव लेपर्ड गेको. आमच्याकडे उसात खरेच बिबटे निघतात, त्यामुळे हे नाव जिन्यात उच्चारायचं नाही, अशी विनंती मी सिस्टरांना केली होती.

पाच नंबरमध्ये निमसेतात्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. उसात दगड लपवलेला आहे अशा खात्रीनेच त्यांनी प्रत्येक गाडी मोजली. निवृत्तीनंतर गाड्या संपल्या, खात्री राहिली.

अर्ज हातात पडताच मी सिस्टरांना कळवलं. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, काढा हिला. मग मीही घर बंद करून श्रीगोंद्याला बहिणीकडं जाते. घरात माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे?"

आता एका पालीपायी शेजार जातो की काय, हा खरा प्रश्न होता. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

*

तात्यांचा पहिला संशय असा, की ही पाल नव्हेच.

"भाऊसाहेब, पाल भिताडावर चढती. ही चढती का? न्हाई. पाल चुकचुकती. हिचा आवाज कुनी ऐकलाय? आनि डोळे मिटती हो ही! माझ्याकडं बघून मिटती! आपल्या पाली कधी डोळे मिटतात का?"

मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "या जातीला पापण्या असतात. पायाला चिकटपणा नसतो, म्हणून भिंत चढत नाही."

हा खुलासा मी तात्यांना जसाच्या तसा दिला. ते उठून सहा नंबरच्या दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "म्हंजी तिला समदं पाठ करून ठेवलंय!"

*

सिस्टर आळ्यांवर पांढरी पावडर भुरभुरवून त्या ठमीला खायला देत. खिडकीतून हे तात्यांना दिसलं. ते तडक माझ्याकडे आले आणि दार लावून घेऊन हळूच म्हणाले, "पांढरी पावडर हाय. बाई लई शिकलेली हाय. समजून घ्या."

समजून घ्यायला मी त्यांना घेऊनच सहा नंबरमध्ये गेलो. सिस्टरांनी डबी तात्यांच्या हातात दिली.

"कॅल्शियम आहे, तात्या. हाडं मऊ पडू नयेत म्हणून. घेऊन जा थोडं. तुम्ही जिना चढताना गुडघे वाजतात ते मला आत ऐकू येतं!"

तात्यांनी डबीचा वास घेतला, परत केली, आणि आठवडाभर जिना अनवाणी चढले.

*

या आळ्या कुरियरने येत. एकदा सिस्टर बाजारात गेलेल्या, खोकं आमच्याकडे आलं. खोक्याला चारी बाजूंनी भोकं. आमच्या हिला वाटलं, वाटेत उंदराने कुरतडलं. काळजीपोटी तिने उघडलं. आत गव्हाचा कोंडा, आणि कोंड्यात आळ्याच आळ्या!

एवढं चांगलं धान्य वाया जाताना पाहणं हिला जमत नाही. तिने कोंडा बारीक चाळणीने दोनदा चाळला, आळ्या गच्चीवर चिमण्यांना टाकल्या, कोंड्याला दुपारभर ऊन दाखवलं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून सिस्टरांना नेऊन दिला.

"आळ्या पडल्या होत्या हो! एकसुद्धा ठेवली नाही बघा."

सिस्टरांनी डब्यात पाहिलं. मोठ्या सोशिकपणे म्हणाल्या, "वहिनी, तो कोंडा आळ्यांना खायला होता."

नवं खोकं येईपर्यंत ठमीने शेपटीतल्या चरबीवर दिवस काढले. आमची ही मात्र आजही सांगते, "बाई चांगली आहे, पण माल पारखून घेत नाही."

*

अर्जावर विचार करायला सभा भरली ती सिस्टरांच्याच हॉलमध्ये, कारण सोसायटीच्या ऑफिसात पाण्याची मोटर ठेवलेली आहे. सतरंजीवर सगळे बसले. तात्या उभे राहिले.

"माझं म्हननं येवढंच हाय, की ह्या जनावरापासून समद्या सोसायटीला धोका हाय!"

त्याच क्षणी ट्यूबलाइटमागून घरातली साधी पाल चुकचुकली.

झालं! सगळ्यांनी फरशीवर बोटं टेकवून टकटक केली आणि "कृष्ण, कृष्ण" म्हटलं. बोलताना पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं. इतिवृत्त लिहिता लिहिता माझंही बोट गेलं. एकट्या सिस्टर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

तात्या खूश. "घ्या! साक्ष मिळाली!"

"कुणाची?" सिस्टर म्हणाल्या. "ती वर बसलीय ती तर तुमच्याच खिडकीतून येते. तुमच्या घरची साक्ष तुम्हालाच कशी चालेल?"

यावर सभा अडली. एक जण म्हणाला, साक्षीदार तक्रारदाराच्या घरातला असल्याने बाद. दुसरा म्हणाला, तो आरोपीच्या नात्यातला आहे, तरी विरोधात बोलला, म्हणजे उलट जास्तच ग्राह्य. चहा आला, तरी मत पडेना. शेवटी मी लिहिलं, "सखोल चर्चा झाली. पाल जैसे थे."

*

एके दिवशी ठमी पांढुरकी पडली. कात टाकायची वेळ. सिस्टरांनी ओल्या फडक्याचा डबा पेटीत ठेवला, कोरडेपणाने कात बोटांना अडकू नये म्हणून. कात निघाली आणि ठमीने, या जातीच्या रिवाजाप्रमाणे, ती खाऊन टाकली.

तात्या खिडकीत होतेच. धापा टाकत माझ्या दारात आले.

"खाल्लं! सोताचं कातडं सोता खाल्लं! भाऊसाहेब, पुरावा नष्ट केला!"

*

पालीची कीर्ती पसरली. नेवाशाकडचा एक गृहस्थ आला. कपाळाला मोठा टिळा, आवाज खाली. त्याने पालीची नखं किती, जन्म अमावास्येचा का, असं विचारलं आणि मग म्हणाला, "ताई, ही मला विका. अशी पाल सोडली की गुप्तधनाची जागा दाखवते."

सिस्टर म्हणाल्या, "दाखवते? अहो, माझा चष्मा हरवलाय. दहा दिवस झाले, मी हिला रोज विचारते!"

गृहस्थ उठला. जिन्यात तात्यांनी त्याला अडवलं आणि नाव, गाव, येण्याचं कारण अशी झाडून सगळी चौकशी केली. "सिस्टरकडं परत दिसला तर बघ!" असं दरडावून त्याला रस्त्यापर्यंत सोडून आले.

मी म्हटलं, "तात्या, पाल गेली असती की परस्पर. तुमचंच काम झालं असतं."

तात्या माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाले, "अर्जाचा निकाल लागायच्या आदी मुद्देमाल गायब करता व्हय? तुमी सामील हाय का त्याला?"

*

आता शेवटचा किस्सा. सिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला ठरलं. त्यानंतर काही दिवस श्रीगोंद्याला बहिणीकडे. ठमीला कुणाकडे ठेवायचं? पेटीच्या तळाला उबेची चटई असते, ती विजेवर चालते. थंडीत ऊब गेली तर खाल्लेलं पचत नाही, पाल दगावते. आमच्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही. आणि अख्ख्या सोसायटीत इन्व्हर्टर एकाच घरात. पाच नंबरमध्ये!

सिस्टर स्वतः गेल्या नाहीत. मला पाठवलं. तात्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"जप्तीचा माल म्हनून ठिवतो. पाळायला न्हाई."

स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला, वाटीत ठमीला बसवून वजन केलं, मला आणि सिस्टरांना आकडा बघायला लावला. मगच पेटी आत घेतली.

सिस्टर परतल्या. डोळ्याला काळा चष्मा. मला सोबत घेऊन पाच नंबरमध्ये गेल्या. ठमी तात्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर बसली होती. तिची शेपटी चांगली गुबगुबीत झालेली.

"द्या, तात्या. फार उपकार झाले."

"थांबा. काट्यावर घेऊ."

त्यांनी ठमीला वाटीत बसवलं. आकडा पाहिला. वाटी पुसून पुन्हा पाहिला. आणि मान हलवली.

"जादा भरतंय. असा माल सोडता येत न्हाई. उद्या तुमीच म्हनाल, निमशानं पाल बदलली! वजन पहिल्यासारखं होऊ द्या, मग न्या."

"अहो, मग खायला कमी द्या तिला!" सिस्टर म्हणाल्या.

"उपाशी ठिवू?" तात्या भडकले. "नर्स होता ना तुमी?"

सिस्टर हसू दाबत खुर्चीवर बसल्या. तात्यांच्या मंडळींनी चहा टाकला. तेव्हापासून सिस्टर रोज संध्याकाळी पाच नंबरमध्ये आळ्या घेऊन जातात. दर रविवारी वजन होतं. दर रविवारी जादा भरतं.

श्रीगोंद्याला जायचं आता सिस्टर बोलत नाहीत. तेव्हा परवा मी तात्यांना रीतसर विचारलं, "मग अर्ज मागे घेताय ना?"

"मागं का म्हनून? सोसायटीत पाल नको म्हंजी नको."

"पण ती तुमच्याच घरात आहे!"

"म्हनूनच तर," तात्या म्हणाले. "कसून चौकशी होऊ द्या. घाई करू नका."

सबब, अर्ज प्रलंबित आहे.